बीपीची गोळी, तिचा त्रास आणि रुग्णाचा हक्क

(पालघर जिल्ह्यातील पाडा आरोग्य सेविका व कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेल्या विषयाचे दोन भाग आहेत. बीपीच्या औषधांचे दुष्परिणाम हा पहिला, आणि त्रास झाला तर रुग्णाला कायद्याने काय करता येते हा दुसरा. पहिला भाग तुमच्या रोजच्या कामाचा आहे, दुसरा क्वचित लागणारा. पण माझ्याकडे माणसे येतात ती दुसरा भाग घेऊन. "ताई, डॉक्टरवर केस होईल का?" मी विचारते, कोणती गोळी होती? "पांढरी, बारीक." किती दिवस घेतली? "पुडी संपेपर्यंत." कागद? कागद नाही. मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. माझे शिक्षण ईशज्ञानाचे आणि काम पाड्यांवरचे. तरी इतके मला कळते, की "पांढरी, बारीक" या दोन शब्दांवर कोणताही वकील अर्ज लिहू शकत नाही, आणि कोणताही डॉक्टर गोळी बदलून देऊ शकत नाही.

बीपीची अडचण अशी की आजार जाणवत नाही, गोळी जाणवते. माणूस धडधाकट शेतावर जातो, कोणी तरी पट्टा बांधून सांगते की १६० वर १०० आहे, गोळी सुरू होते आणि महिन्याभरात पाय सुजतात. त्याच्या हिशेबाने तो गोळीआधी बरा होता, गोळीने आजारी पडला. मग तो कोणाला न सांगता गोळी बंद करतो. सूज जाते, त्याला वाटते आपण शहाणपणा केला. वर्ष-दोन वर्षांनी एका सकाळी तोंड वाकडे होते, एक हात उचलत नाही. आपण त्याला लकवा म्हणतो, भगताला बोलावतो. गोळी त्याने का सोडली हे तेव्हा कोणाच्या लक्षातही नसते.

म्हणून आज तुम्ही एक वाक्य पाड्यावर घेऊन जा: गोळी बदलता येते. सोडायची नाही, बदलून मागायची. बीपीच्या गोळ्यांचे चार-पाच वेगवेगळे गट आहेत. एक सोसली नाही तर दुसऱ्या गटातली देता येते. हे रुग्णाला कोणी सांगत नाही, म्हणून त्याच्यापुढे दोनच वाटा उरतात, सोसणे किंवा सोडणे.

आता गोळ्यांकडे येऊ. सरकारी केंद्रात सर्वांत जास्त दिली जाते ती अॅम्लोडिपिन. चांगली, स्वस्त, वर्षानुवर्षे वापरात असलेली गोळी. तिचा नेहमीचा त्रास म्हणजे घोट्याशी सूज, संध्याकाळी जास्त. काहींचे डोके दुखते, चेहरा तापल्यासारखा होतो, क्वचित हिरड्या सुजतात. डोस कमी केला किंवा गोळी बदलली की सूज बहुधा उतरते. पण पाय हृदयाच्या आणि मूत्रपिंडाच्या आजारानेही सुजतात, तेव्हा "गोळीचीच सूज आहे" असा निकाल आपण द्यायचा नाही. डॉक्टरांना दाखवायचे आणि गोळीचे नाव सांगायचे.

नाव सांगितले नाही तर काय होते ते ऐका. बाई दुसऱ्याच दवाखान्यात जाते, पाय दाखवते. तिथे सूज उतरवायला पाण्याची गोळी मिळते, म्हणजे लघवी वाढवणारी. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर निघून गेलेले असते, भिवंडीकडे, वसईकडे. एप्रिलचे ऊन, भट्टीची धग, अंगातून घाम आणि वर लघवीची गोळी. बाईला चक्कर येते, पिंढऱ्यांत गोळे येतात. मग तिसरा दवाखाना, आणि तिथे अशक्तपणावर आपला सर्वांचा लाडका उपाय, सलाईन. साध्या सलाईनच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असते. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. म्हणजे ज्या बाईला आपण सुके बोंबील कमी खा म्हणून सांगत होतो, तिच्या शिरेत जवळजवळ दिवसभराचे मीठ तासाभरात गेले, आणि तिने त्याचे पैसे भरले. तीन दवाखाने, तीन औषधे, आणि मूळ कारण पहिली गोळी. तिन्ही ठिकाणी कोणी मुद्दाम वाईट वागले नाही. कागद नव्हता, एवढेच.

दुसरी गोष्ट खोकल्याची. एनालाप्रिल, रामिप्रिल या गटातल्या गोळ्यांनी शंभरातल्या पाच ते वीस जणांना कोरडा खोकला लागतो. कफ नाही, ताप नाही, नुसती घशात खवखव आणि रात्री उबळ. तो गोळी सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही सुरू होतो, म्हणून संबंध लक्षात येत नाही. आपल्याकडे खोकला म्हटला की आधी टीबी. थुंकीची तपासणी करावीच, त्यात चूक नाही. पण तपासणी स्वच्छ आली तरी माणसाची भांडी वेगळी ठेवली जातात, सून मुलांना जवळ जाऊ देत नाही, खोकल्याच्या बाटल्यांवर पैसे जातात, आणि त्यातल्या सर्दीच्या काही औषधांनी बीपी आणखी चढते. गोळी बदलली की हा खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत थांबतो, काहींना जास्त दिवस लागतात. खोकणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारा, "बीपीची गोळी घेता का? दाखवा." याच गटाने क्वचित ओठ, जीभ, घसा सुजतो. तेव्हा वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करायचा.

बाकीच्यांविषयी थोडक्यात. अॅटेनोलोल, मेटोप्रोलोल यांनी नाडी मंद होते, थकवा येतो, दम्याच्या माणसाला धाप लागू शकते. आणि या गोळ्या एकदम बंद केल्या तर छातीत दुखण्याचा धोका असतो, त्या हळूहळूच कमी कराव्या लागतात. क्लोरथॅलिडोन आणि हायड्रोक्लोरोथायाझाइड या पाण्याच्या गोळ्या. त्यांनी रक्तातले क्षार कमी होतात, अंगठ्याचा सांधा ठणकू शकतो. त्या सकाळी घ्यायच्या, नाही तर रात्रभर उठबस. टेल्मिसार्टन, लोसार्टन यांचा एरवी त्रास कमी, पण रक्तातले पोटॅशियम आणि मूत्रपिंडाची तपासणी अधूनमधून लागते. आणि हे मोठ्या अक्षरांत लिहून घ्या: टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल यांपैकी कोणतीही गोळी गरोदर बाईला चालत नाही, पोटातल्या बाळाला इजा होते. गरोदरपणात देता येतील अशी बीपीची दुसरी औषधे आहेत. पस्तिशीची बाई यांतली गोळी घेत असेल आणि पाळी चुकली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

एक त्रास पुरुष सांगत नाहीत. काही गोळ्यांनी नवराबायकोच्या संबंधात अडचण येते. मी सेविकांसमोर बोलते आहे, लाजून चालणार नाही. पुष्कळ पुरुष गोळी सोडतात त्याचे खरे कारण हे असते, आणि घरी सांगतात की "पित्त होते." पुरुष कार्यकर्त्यांनी हे त्यांना विचारावे. यालाही उपाय गोळी बदलणे हाच.

आणि अंगदुखीच्या गोळ्या. भट्टीवर दिवसभर विटा वाहिल्यावर माणूस डायक्लोफेनॅक घेतो, रोज घेतो. त्याने बीपी चढते आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर घेतली तर मूत्रपिंडाला धोका होतो. दोष मग बीपीच्या गोळीवर येतो.

प्रार्थनेविषयीही बोलले पाहिजे, कारण आपल्याच मंडळ्यांत हे घडते. आजाऱ्यासाठी प्रार्थना झाली, त्याला बरे वाटले, आणि साक्ष देताना तो म्हणतो, मी गोळी टाकून दिली. कृपा करून अशा साक्षीला टाळ्या वाजवू नका. बरे वाटणे हे बीपी उतरल्याचे लक्षण नाही. पट्टा बांधून आकडा पाहिल्याशिवाय ते कळत नाही. प्रार्थना करावी आणि गोळीही घ्यावी, या दोहोंत भांडण नाही.

आता कायदा. आधी अमेरिकेतले एक प्रकरण सांगते, त्यातून मुद्दा लवकर कळेल. ओल्मेसार्टन नावाची बीपीची गोळी आहे, आपल्याकडेही मिळते. ती घेणाऱ्या काहींना महिनोन्महिने जुलाब होत, वजन घटत जाई, आणि कारण सापडत नसे. २०१३ साली तिथल्या औषध प्रशासनाने हा धोका गोळीच्या माहितीपत्रकात घालायला लावला. दोन हजारांहून अधिक रुग्णांनी दावे केले आणि २०१७ साली कंपनीने चूक मान्य न करता ३० कोटी डॉलरपर्यंत देऊन तडजोड केली. रुग्णांचे म्हणणे असे होते, की त्रास होतो हे आम्हाला वेळेवर सांगितले नाही.

आपल्याकडेही मुद्दा तोच. दुष्परिणाम झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असे कायदा मानत नाही. अॅम्लोडिपिनने पाय सुजले म्हणून भरपाई मिळणार नाही, ते माहीत असलेले आणि जाणारे दुखणे आहे. पण दमा आहे हे सांगूनही अॅटेनोलोल दिली, गरोदर आहे हे माहीत असून टेल्मिसार्टन चालू ठेवली, मेडिकलवाल्याने चिठ्ठीवरची सोडून भलतीच गोळी दिली, ओठ सुजल्याचे सांगितल्यावरही तीच गोळी पुन्हा लिहिली, तर तिथे प्रश्न विचारता येतो. सावधपणे काम करणाऱ्या डॉक्टरने असे केले असते का, हा तो प्रश्न. वकिलाकडे जाण्याआधी आपणच तो विचारला तर निम्मे गैरसमज तिथेच मिटतात.

मग लागतो पुरावा. तो आजार झाल्यावर गोळा होत नाही, आधीपासून ठेवावा लागतो. पुडीत सुट्या गोळ्या दिल्या तर नावे लिहून मागा. पट्टी कापून घेताना बॅच नंबर आणि मुदत असलेला तुकडा मागून घ्या. केसपेपर, चिठ्ठी, बिल यांचा मोबाइलवर फोटो काढा. घरात गळती झाली, उंदरांनी खाल्ले, भट्टीवर जाताना हरवले, तरी फोटो राहतो. दवाखान्यात भरती असलेल्या रुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने तीन वर्षे जपावीत आणि रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावीत, असा वैद्यक परिषदेचा २००२ चा नियम आहे. मागणी लेखी करा आणि एका प्रतीवर पोच घ्या.

दुष्परिणामाची नोंद करायला भांडण लागत नाही, वकील लागत नाही. भारत सरकारचा औषध दक्षता कार्यक्रम २०१० पासून आहे, त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो, आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. याने पैसे मिळत नाहीत. पण एखाद्या गोळीविषयी अनेक ठिकाणांहून नोंदी आल्या तर सरकारला इशारा देता येतो, आणि आपल्या पाड्यांवरून अशी नोंद गेल्याचे मी अजून पाहिलेले नाही. औषधच बनावट किंवा खराब वाटले तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची, १८००-२२२-३६५. विकत घेतलेले औषध फी भरून सरकारी प्रयोगशाळेत तपासून घेण्याचा हक्क १९४० च्या औषध कायद्याच्या कलम २६ ने सामान्य माणसालाही दिला आहे.

खासगी दवाखान्यात पैसे भरून उपचार घेतले असतील तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. डॉक्टरची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितले. २०१९ च्या नव्या कायद्यात सदोष औषध बनवणारा आणि धोक्याची सूचना न देणाराही जबाबदार धरता येतो. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ती आपण राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यात करता येते, आणि उपचाराला भरलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही. सल्ल्यासाठी १९१५ हा क्रमांक आहे. त्या १९९५ च्या निकालात आणखी एक गोष्ट आहे जी आपण ऐकून ठेवावी: जो दवाखाना काहींकडून पैसे घेतो आणि गरिबांना फुकट तपासतो, तिथला फुकट तपासलेला गरीबही ग्राहकच. म्हणजे आपल्या मिशनच्या दवाखान्यांनाही हा नियम लागू. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नाही, धर्मादाय म्हणून कमी काळजी घ्यावी असे कोणी सांगितलेले नाही.

पण जिथे सर्वांनाच मोफत उपचार मिळतात ते रुग्णालय त्याच निकालाने ग्राहक कायद्याच्या बाहेर राहते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. गरिबासाठी फार चांगले झाले, पण तक्रारीचे हे एक दार अरुंद झाले. दुसरे दार आहे ते म्हणजे स्थायी लोकअदालत. रुग्णालयाची सेवा तिच्या कक्षेत येते, १ कोटी रुपयांपर्यंतचा वाद तिथे नेता येतो, कोर्ट फी नाही, आणि समेट झाला नाही तर ती स्वतः निकाल देते. आपल्या भागासाठी ती कुठे बसते हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात विचारावे.

त्या प्राधिकरणाचे नाव पाठ करा, कारण आपल्या लोकांचा सर्वांत मोठा हक्क तिथे पडून आहे. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. आदिवासी आहे एवढे पुरे. कातकरी कुटुंबांत जातीचा दाखलाच नसतो हे मला ठाऊक आहे. पण त्याच कलमात स्त्रियाही आहेत, कोणत्याही जातीच्या, कोणत्याही उत्पन्नाच्या. म्हणजे आपली बहीण स्त्री म्हणूनही अर्ज करू शकते. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, दूरध्वनी १५१००. वकिलाच्या फीसाठी शेळी विकलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. ती शेळी विकायची गरज नव्हती.

पोलीस ठाण्याची वाट मात्र शेवटची समजा. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि आधी दुसऱ्या डॉक्टरचे निष्पक्ष मत घ्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली सांगितले. आणि रागाच्या भरात दवाखान्याची काच फोडली, डॉक्टरच्या अंगावर हात टाकला, तर २०१० च्या राज्य कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि नुकसानीच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. ज्याच्यावर अन्याय झाला तोच आत जातो. गावातली तरुण मुले पुढे होतात तेव्हा त्यांना हे सांगून थांबवणे तुमच्याकडे आहे.

वेळ झाली आहे, दोन चिठ्ठ्या आल्या आहेत त्यांची उत्तरे देते.

एका भगिनीने विचारले आहे, की गोळ्या आशाताईने घरी आणून दिल्या असतील तर तक्रार तिच्याविरुद्ध करावी लागेल का, ती आमच्याच पाड्यातली आहे. नाही. ती डॉक्टरांनी लिहिलेली गोळी पोहोचवते. सरकारी दवाखान्यातल्या चुकीला राज्य शासन जबाबदार असते. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ साली एका बाळंतिणीच्या पोटात शस्त्रक्रियेच्या वेळी टॉवेल राहिला आणि ती वारली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने शासनाला जबाबदार धरले. तेहतीस वर्षे लागली, हेही लपवत नाही. पण आशाताईशी बोलणे बंद करू नका. गोळी सोसत नाही हे डॉक्टरांपर्यंत सर्वांत लवकर तीच पोहोचवते.

दुसरी चिठ्ठी अशी, की पट्टी फेकून दिली आणि केसपेपर भिजला तर सगळे संपले का. सरकारी केंद्र असेल तर संपले नाही. रुग्णांची आणि औषधसाठ्याची नोंद केंद्राकडे असते. माहिती अधिकाराच्या अर्जाने स्वतःच्या नोंदीची प्रत मागा. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील कार्ड असेल तर तीही नाही, आणि उत्तर ३० दिवसांत द्यावे लागते. अर्जाचा नमुना मागच्या टेबलावर ठेवला आहे, जाताना प्रत्येक पाड्यासाठी दोन-दोन प्रती घ्या.